कपाटातून पळालेली भुतं

१

शुक्रवारी सकाळी आबासाहेब भालकीकरांच्या कपाटातून तिसरं भूत पळालं.

हसू नका. हैदराबादेत, जामबागेतल्या त्या घरात त्या सकाळी कुणालाच हसू येत नव्हतं. आबासाहेबांनी उभी हयात सुलतान बाजारच्या गुलनार टॉकीजमध्ये मॅनेजरी केली होती, आणि कुणी पोस्टाची तिकिटं जमवावीत तसे त्यांनी भुताच्या जुन्या सिनेमांचे फोटो जमवले होते. थिएटरबाहेर काचेच्या पेटीत लावायला कंपनी पाठवायची ना, ते फोटो. जाणारा-येणारा थबकावा, घाबरावा आणि तिकीट काढून आत यावा म्हणून. सिनेमा उतरला की बाकीचे फोटो पुढच्या गावी रवाना व्हायचे. भुतांचे मात्र कुणी परत मागायचं नाही. ते आबासाहेबांनी ठेवून घेतले. मग मद्रास, मुंबई, कुठल्या कुठल्या रद्दीवाल्यांना गाठून आणखी आणले. पट्ट्या गुंडाळलेली प्रेतं काय, सुळेवाले सरदार काय, केस मोकळे सोडून विहिरीतून वर येणाऱ्या बायका काय! त्यांची बायको, होती तोवर, त्या लोखंडी कपाटाला "माझ्या सवतींचं माहेर" म्हणायची.

"मुकुंदा, 'कबर नंबर बारा' गेला," आबासाहेब म्हणाले. "मागल्या शुक्रवारी 'कुएँ की दुल्हन', त्याच्या आदल्या शुक्रवारी 'काली डोली'. येतो, खुशाल कपाट उघडतो, एक संच उचलतो आणि परत कुलूप लावून जातो. चोर आहे का जावई?"

मुकुंदराव औरादकर गुडघे टेकून कुलूप बघत होते. निवृत्त होईपर्यंत त्यांनी सिकंदराबादला रेल्वेत हरवलेल्या पार्सलांचा तपास केला होता, त्यामुळे ओळखीपाळखीत कुणाची वाटीसुद्धा हरवली तरी बोलावणं त्यांनाच. कुलपावर ओरखडा नव्हता. आत बटर पेपरच्या पुड्या ओळीनं होत्या, आणि सगळ्यांत वर विलायती नटाच्या सहीचा तो फोटो, ज्यासाठी परदेशातली माणसं जीव टाकतात, तो जागच्या जागी पडून होता.

"हा नाही नेला?"

"नाही ना! नेले ते फाटके-तुटके. पण बघ, फाटके असले तरी माझ्या फोटोला एक भोक नाही." आबासाहेबांनी एक फोटो उजेडात धरला. ह्या विषयावर ते नेहमीच खुलत. "लोक पिन फोटोतच खुपसतात गाढवासारखे. मी कडेला खुपसायचो, जरा तिरपी. पिनेच्या टोपीनं फोटो दाबून धरायचा. अख्ख्या हैदराबादेत हे एकट्या मला यायचं. आमच्या बुकिंगवरच्या एकनाथला किती शिकवलं, पण त्याला घाई. चारी कोपऱ्यांना ठाक ठाक."

"किल्ली कुठे असते?"

आबासाहेबांनी सदरा वर केला. कंबरेच्या काळ्या करदोड्याला किल्ली लटकत होती. "अंघोळीलासुद्धा सुटत नाही."

"दुसरी?"

आबासाहेबांनी सदरा खाली ओढला. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "एकनाथकडे. मी मेलो तर कपाट त्यानं उघडायचं म्हणून दिली होती. मी जिवंत असतानाच उघडलं बघ त्यानं. मागल्या शुक्रवारी आला होता चहाला. तोंडावर सांगितलं, चोरा, परत माझ्या उंबऱ्यात पाऊल टाकू नकोस."

एकनाथराव बोधनकर आणि आबासाहेब ही जोडी मुकुंदरावांनी तरुणपणापासून बघितली होती. एकाच्या ताटातलं दुसऱ्यानं खायचं, इतकी. हा चोर सापडो न सापडो, ती जोडी अशी फुटून राहिली तर आपलं सगळं आयुष्य पार्सलं शोधण्यात फुकट गेलं, असं त्यांना वाटलं.

२

अभिजीत, आबासाहेबांचा मुलगा, जिन्यातच भेटला. बेगमपेटच्या एका नव्या कंप्युटर कंपनीत तो लागला होता. कंबरेला पेजर, गळ्यात टाय.

"काका, मला माहितेय तुमचा डाउट माझ्यावर आहे," तो म्हणाला. "एक फॉरेनचा कलेक्टर विचारत होता, खरंय. आता सगळं ओपन झालंय, माणसं बाहेरून येऊन जुन्या वस्तू नेतात. पण त्याला हवाय तो सहीचा फोटो. हे हिंदी भुतांचे फोटो त्याला फुकट दिले तरी नकोत. आणि खरं सांगू? मला ह्यांतल्या एका सिनेमाचं नाव धड सांगता येत नाही. विकायचं असतं तर सगळं एकदाच विकलं असतं नं."

ह्यात तथ्य होतं. मुकुंदराव परत वर आले. सून मृण्मयी पुण्याची. तिला सातवा महिना लागला होता, आणि तिच्या आईनं पुण्याहून फोनवर बजावलं होतं की ती अभद्र चित्रं आधी घराबाहेर काढा, पोटातल्या बाळाच्या नजरेला नकोत. म्हणजे इथंही कारण होतंच.

"आई काहीही म्हणते हो काका," मृण्मयी हसली, पण डोळे सुजलेले होते. "मी रोज दुपारी आबांबरोबर बसून बघते ते फोटो. तो सुळेवाला तर माझा लाडका आहे. बिचाऱ्याचे सुळे पुठ्ठ्याचे आहेत, नीट बघितलं की कळतं. एकनाथकाकांना आबा नको ते बोलले. मी मध्ये पडले तर माझ्यावरही ओरडले. असे नव्हते हो ते."

"घर रिकामं कधी असतं?"

"असं नसतंच. गुरुवारी दुपारी मी जरा आडवी होते, तेव्हा आबा दत्ताच्या देवळात जातात. पिशवीत नारळ घेऊन." तिनं चहाचा कप पुढे केला. "पूर्वी पेढा आणायचे माझ्यासाठी. हल्ली प्रसादच आणत नाहीत. डॉक्टरांनी त्यांना साखर बंद केलीय म्हणून असेल."

आतून आबासाहेबांची हाक आली, चष्मा कुठंय म्हणून. चष्मा कपाळावर होता. मृण्मयीनं तो हलकेच खाली ओढून नाकावर ठेवला, आणि ते लहान मुलासारखे हसले. त्यांनी चहाचा कप उचलला तेव्हा मुकुंदरावांना त्यांच्या उजव्या अंगठ्यावर एक बारीक गोल वळ दिसला. काहीतरी जोरानं दाबल्यासारखा.

"हे काय लागलं?"

आबासाहेबांनी अंगठा उलटसुलट करून बघितला. "कुणास ठाऊक," ते म्हणाले.

३

एकनाथराव बेगम बाजारात मिरच्यांच्या दुकानावरच्या माडीत राहत. जिना चढतानाच मुकुंदरावांना तीन शिंका आल्या.

"ये. चोराच्या घरी आलास?" एकनाथराव म्हणाले. हा माणूस एरवी गडगडून हसणारा. आज दाढी वाढलेली, समोरचं ताट तसंच झाकून ठेवलेलं. "मुकुंदा, मला फोटोचं काय करायचंय रे? माझे चार आहेत ते बघ. सगळ्यांना भोकं. आब्या मला त्यावरून शिव्या घालायचा, त्या शिव्यांसाठी तर मी जायचो. त्या दिवशी म्हणलो, बघ तरी माझ्याकडे, मी चोर दिसायलोय का? तर त्यानं बघितलंच नाही."

"किल्ली कुठंय?"

"देवघरात. दुसरीकडे कुठं असणार?"

किल्ली एका तबकडीत, देवांच्या पायाशी होती. मुकुंदरावांनी ती उचलली आणि खिडकीशी नेली. खंडेनवमीला एकनाथरावांच्या घरी तागडी, अडकित्ता, कात्री, घरातलं सगळं लोखंड पुजलं जाई, आणि दोस्ताची किल्लीही त्यातच. वर्षानुवर्षांचं हळदकुंकू किल्लीच्या दातांत बसून दगडासारखं घट्ट झालं होतं. एकाही दाताची खाच मोकळी नव्हती. ही किल्ली कुलपात शिरलीच नसती, आणि शिरवली असती तर पहिल्या फेऱ्यालाच हळद झडली असती.

म्हणजे एकनाथराव सुटले. मुकुंदरावांना हायसं वाटलं, आणि लगेच दुसरा विचार आला. किल्ल्या दोनच होत्या.

"एकनाथ, एक सांग. 'काली डोली', 'कुएँ की दुल्हन', 'कबर नंबर बारा'. ह्या तिघांचा एकमेकांशी काही संबंध?"

"संबंध कसला! गुलनारला एकापाठोपाठ एक लागलेले. ह्याच ओळीनं. भुतांची नुसती लाट आली होती त्या साली. मी बुकिंगला होतो तेव्हा, तुला आठवत नाही? 'कबर'च्या मागं 'नीली चुडैल' लागला." एकनाथराव बोलता बोलता जरा उजळले. "गुरुवार म्हणजे आमची धांदल बघ. शुक्रवारी नवा सिनेमा, म्हणून गुरुवारी दुपारी मॅटिनी चालू असताना बाहेरच्या पेटीतले फोटो बदलायचे. मी स्टूल धरायचो, आब्या पिना दाबायचा. मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहायचा, डोकं असं तिरपं करून बघायचा. अंगठा सुजायचा त्याचा, पण दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही."

मुकुंदरावांनी किल्ली रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. "ही दोन दिवस मला दे," ते म्हणाले. बोलताना त्यांनी तोंड फिरवलं. एकनाथरावांनी विचारलं, "काय झालं रे?" त्यावर मिरचीची धस म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

४

रेल्वेत असताना मुकुंदराव नव्या पोरांना एक गोष्ट घोकून घ्यायला लावायचे. पार्सल हरवलं की कुठं हरवलं हे शोधत बसू नका. ते जायचं कुठं होतं ते आधी बघा. अर्धी पार्सलं चोरीला गेलेली नसतात. मुक्कामाला पोचून गुपचूप पडून असतात, घ्यायला कुणी आलेलं नसतं इतकंच.

हे फोटो जायचे कुठं होते?

गुलनार टॉकीज बंद पडून बरीच वर्षं झाली होती. घरोघरी केबल आली आणि थिएटरात कुत्रं फिरकेना. आता दर्शनी भागात साड्यांचं चकचकीत दुकान होतं आणि मागच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या बादल्यांचं गोदाम. साड्यांच्या दुकानाला वळसा घालून मुकुंदराव बाजूच्या बोळात शिरले. तिथं जुन्या बाल्कनीच्या जिन्याखाली स्टुलावर एक म्हातारा बसला होता. खाजामियाँ. गुलनारचा डोअरकीपर, आता गोदामाचा वॉचमन.

आणि त्याच्या मागं, भिंतीत, ती काचेची पेटी होती. काच पुसलेली. आत हिरव्या कापडावर 'कबर नंबर बारा'.

मुकुंदराव बघत राहिले. कबरीतून वर आलेला हात, किंचाळणारी नटी, कंदील घेऊन पळणारा म्हातारा. सगळे फोटो एका रेषेत. एकाही फोटोत पीन खुपसलेली नव्हती. सगळ्या पिना कडेला, जरा तिरप्या, टोपीनं फोटो दाबून धरलेला.

"मनेजर साब लगाए," खाजामियाँ उठून उभा राहिला. "हर जुमेरात कू, गुरुवार कू आते. पुराने निकाल के मेरेकू देते, संभाल के रखो बोल के. नए लगाते. फिर सामने जा के देखते, ऐसा गर्दन टेढ़ी करके. मेरेकू पूछते, खाजा, हॉल धुलवाया? मैं बोलता, हौ साब, धुलवा दिया."

"हॉल कहाँ है अब, खाजामियाँ?"

"किधर का हॉल साब. बाल्टियाँ भरे हैं."

"तो घर पे किसी को बताया क्यों नहीं?"

म्हाताऱ्यानं बाहीनं पेटीची काच पुसली. "कैकू बताना साब? उनों मनेजर हैं. खुश होके जाते. मैं कौन होता बोलने वाला, कि साब, टॉकीज नहीं है?"

मग त्यानं आपल्या पत्र्याच्या ट्रंकेतून बाकीचे दोन संच काढून दिले. धुतलेल्या लुंगीत नीट गुंडाळलेले होते. त्या लुंगीतच तीन नारळ होते. दत्ताचे. मुकुंदरावांना तिथं, त्या बोळात, साड्या घेऊन जाणाऱ्या बायकांच्या गर्दीत, रडू कोसळलं.

५

संध्याकाळी त्यांनी अभिजीतला आणि मृण्मयीला सगळं सांगितलं. मृण्मयी तोंडावर पदर घेऊन आत गेली. अभिजीत कितीतरी वेळ टायची गाठ सोडत आणि बांधत बसला.

"आबांना सांगू नका काका, प्लीज. माळ्यावर सापडले म्हणून सांगू. डॉक्टरला मी दाखवतो. पण हे कळलं तर ते खचतील."

"आणि एकनाथ?"

अभिजीतनं टाय काढून खुर्चीवर टाकला.

"माळ्यावर सापडले म्हटलं तरी आबाच्या मनात चोर एकनाथच राहील. म्हणेल, भिऊन परत आणून ठेवले." मुकुंदराव उठले. "तो तिकडं जेवत नाहीये रे. आणि तुझ्या बापाची आठवण अशी गळत चाललीय. चाळीस वर्षांतलं काय शेवटी उरेल डोक्यात? एकनाथ चोर, एवढंच? हे मला बघवणार नाही."

रात्रभर त्यांना झोप नव्हती. सांगायचं कसं? तू चोर आहेस, असं? तू विसरायला लागलास, असं? शेवटी त्यांनी ठरवलं की आपण काहीच सांगायचं नाही. फक्त दाखवायचं.

सकाळी दहाला ते आबासाहेबांना घेऊन गुलनारच्या बोळात आले. सकाळी आबासाहेबांचं डोकं स्वच्छ असे. रिक्षातून उतरल्या उतरल्या त्यांनी साड्यांच्या दुकानाकडे बघून नाक मुरडलं. "काय वाट लावली रे माझ्या टॉकीजची! इथं कशाला आणलंस मला?"

मग त्यांना पेटी दिसली.

"सापडले!" ते पुढे धावले. "मुकुंदा, शाब्बास! इथं लावले होय त्या हरामखोरानं? थांब, आता एकनाथला..."

आणि त्यांची बोटं काचेवर थबकली. ते वाकले. चष्मा पुसला, परत वाकले. एकेका फोटोच्या कडेवरून त्यांचं बोट काचेवर हळूहळू सरकत गेलं. कोपऱ्यापाशी थांबे, पीन बघे, पुढे सरके. खाजामियाँ स्टुलावरून उठून भिंतीला चिकटून उभा होता. मुकुंदरावांना वाटलं, आपण हे करायला नको होतं.

"भोक नाही," आबासाहेब म्हणाले.

मुकुंदराव त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"एकनाथ असता तर भोकं पाडली असती." त्यांनी आपला उजवा अंगठा वर केला आणि त्यावरचा वळ बघत राहिले. "हे हैदराबादेत एकट्याला येतं, मुकुंदा."

"आबा, चल, घरी जाऊ."

"मला काहीच आठवत नाहीये." त्यांचा आवाज लहान झाला होता. "इथं आलो, हे लावलं, काही म्हणजे काही नाही. असं कसं होईल? खाजा, मीच ना रे?"

"हौ साब," खाजामियाँ म्हणाला आणि रडायला लागला.

मुकुंदरावांनी रुमाल सोडून ती किल्ली आबासाहेबांच्या हातावर ठेवली. दातांत घट्ट बसलेलं हळदकुंकू आबासाहेबांनी नखानं खरवडून बघितलं. निघालं नाही. त्यांना सगळं कळलं.

"त्याला चोर म्हणालो रे मी. उंबऱ्यावरून हाकललं. तो म्हणत होता, बघ माझ्याकडे, बघ. मी बघितलंसुद्धा नाही." एकदम त्यांनी मुकुंदरावांचं मनगट धरलं. "रिक्षा बोलाव. आत्ता. संध्याकाळी नको, उद्या तर नकोच. मला आठवतंय तोवर त्याचे पाय धरू दे. ही किल्ली मी माझ्या हातानं परत देणार त्याला."

रिक्षा निघाली. आबासाहेब ओठांतल्या ओठांत घोकत होते, "एकनाथ, मी चुकलो. तू चोर नाहीस. एकनाथ, मी चुकलो." पुतलीबावलीच्या चौकात रस्ता तुंबला. हातगाड्या, बस, हॉर्न, कुणी हलेना. मुकुंदराव उतरून पुढे जाऊन बघून आले, ड्रायव्हरवर ओरडले, हमालांना हात जोडले. आयुष्यात त्यांना कधी इतकी घाई झाली नव्हती. ऊन वर चढत होतं. आबासाहेबांचं पुटपुटणं हळू झालं, तुटक झालं, मग थांबलं. ते बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागले.

"मुकुंदा, कुठं चाललोय आपण?"

"एकनाथकडे."

"अरे वा," आबासाहेब म्हणाले.

बेगम बाजारात मिरच्यांच्या दुकानावरचा जिना ते शिंकत शिंकत चढले. दार एकनाथरावांनीच उघडलं. समोर आबासाहेबांना बघून त्यांचा हात कडीवरच राहिला.

"काय रे एकनाथ!" आबासाहेबांचा चेहरा फुलला. त्यांनी डोकं जरा तिरपं केलं आणि दोस्ताकडे डोळे भरून बघितलं. "दाढी काय वाढवलीस? किती दिवसांत फिरकला नाहीस. रागावलास का काय माझ्यावर?"

एकनाथरावांनी त्यांच्या खांद्यावरून मुकुंदरावांकडे बघितलं. मुकुंदरावांनी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्यात काय काय होतं ते एकनाथरावांना समजलं असावं, कारण त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसले.

"नाही रे," ते म्हणाले. "गुडघा धरला होता."

"मग सांगायचं नाही? मी वाट बघत होतो." आबासाहेब आत आले, नेहमीच्या जागी बसले, आणि त्यांची मूठ मिटलेली आहे हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ती उघडली. किल्लीकडे बघितलं. कपाळावर आठ्या पडल्या. काहीतरी अगदी जवळ होतं, येत नव्हतं. "ही कशी काय आली माझ्याकडे? हळदकुंकवानं माखलीय. तुझीच ना रे?"

"माझीच," एकनाथराव म्हणाले.

त्यांनी ती घेतली, देवघरात जागच्या जागी ठेवली, आणि आत तीन चहा सांगितले.